गुलशन कुमार हत्या प्रकरण

गुलशन कुमार हत्या प्रकरण हे टी-सीरीज या संगीत कंपनीचे संस्थापक व चित्रपटनिर्माते गुलशन कुमार यांची १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईतील अंधेरी (पश्चिम) येथे झालेली हत्या, तसेच त्यानंतर चाललेला तपास व खटले यांच्याशी संबंधित प्रकरण आहे. मंदिरातून दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या गुलशन कुमार यांच्यावर भरदिवसा गोळ्या झाडण्यात आल्या. हिंदी चित्रपटसंगीताच्या व्यवसायातील ही सर्वाधिक गाजलेली हत्या मानली जाते.

या प्रकरणी सत्र न्यायालयाने २००२ साली १९ आरोपींपैकी एकाला दोषी ठरवून १८ जणांची निर्दोष मुक्तता केली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली आणि निर्दोष सुटलेल्यांपैकी आणखी एका आरोपीला जन्मठेप सुनावली. पोलिसांनी मुख्य सूत्रधारांपैकी एक म्हणून ज्यांचे नाव घेतले, त्या संगीतकार नदीम सैफी यांच्या प्रत्यर्पणाची भारताची मागणी इंग्लंडमधील न्यायालयाने २००० साली फेटाळली. गोळ्या झाडणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले. हत्या कोणी घडवून आणली, याविषयी तपास यंत्रणेने मांडलेली बाजू मात्र न्यायालयात पूर्णपणे सिद्ध होऊ शकली नाही.

पार्श्वभूमी

कॅसेट व्यवसाय आणि टी-सीरीज

गुलशन कुमार यांचा जन्म दिल्लीतील एका पंजाबी कुटुंबात झाला. दर्यागंज भागात त्यांच्या वडिलांचे फळांच्या रसाचे दुकान होते. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रिका व कॅसेट विकण्याच्या व्यवसायात प्रवेश केला आणि १९८३ साली सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी स्थापन केली. टी-सीरीज हे या कंपनीचे व्यापारी नाव होय. दिल्लीलगतच्या नोएडा येथे कंपनीचा कारखाना होता.

त्या काळापर्यंत भारतातील ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारावर एच.एम.व्ही. या नावाने परिचित असलेल्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे वर्चस्व होते. ध्वनिमुद्रिका व त्या वाजवण्याची यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. टेपरेकॉर्डर घरोघरी पोहोचल्यावर ही स्थिती बदलली. टी-सीरीजने कमी नफ्यात मोठ्या प्रमाणावर कॅसेट विकण्याचे धोरण स्वीकारले आणि संगीताच्या दुकानांपलीकडे किराणा दुकाने व पानाच्या टपऱ्यांपर्यंत आपली विक्री पोहोचवली. भक्तिसंगीत, लोकसंगीत आणि प्रादेशिक भाषांतील गाणी यांना त्यामुळे नवी बाजारपेठ मिळाली. मराठी भक्तिगीते व लोकगीते यांच्या कॅसेटही कंपनीने काढल्या. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास केला आहे.

कंपनीच्या वाढीत 'व्हर्शन' ध्वनिमुद्रणांचा मोठा वाटा होता. मूळ गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन त्याची स्वतंत्र कॅसेट काढणे, असे या ध्वनिमुद्रणांचे स्वरूप होते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ (१) (जे) नुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, पूर्वसूचना देऊन व स्वामित्वधन भरून, असे ध्वनिमुद्रण करता येत असे. या तरतुदीच्या वापरावरून ग्रामोफोन कंपनी व सुपर कॅसेट्स यांच्यात न्यायालयीन वाद झाले. त्यांपैकी 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाच्या गाण्यांसंबंधीचा दिल्ली उच्च न्यायालयातील १९९५ सालचा खटला कॉपीराइट कायद्याच्या अभ्यासात नेहमी उल्लेखला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद बदलून कलम ३१-सी समाविष्ट करण्यात आले आणि दोन वर्षांची मुदत पाच वर्षांची झाली.

१९९० साली प्रदर्शित झालेल्या महेश भट दिग्दर्शित 'आशिकी' या चित्रपटाच्या गाण्यांनी टी-सीरीजला चित्रपटसंगीताच्या आघाडीवर नेले. या चित्रपटाचे संगीतकार नदीम–श्रवण ही जोडी, तसेच गायिका अनुराधा पौडवाल यांच्या कारकिर्दीतही या कंपनीचे स्थान महत्त्वाचे ठरले. गुलशन कुमार यांनी स्वतः 'बेवफा सनम' (१९९५) हा चित्रपट दिग्दर्शित केला. वैष्णोदेवी येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी सुरू केलेले अन्नछत्र आणि कंपनीने प्रसिद्ध केलेली भजने यांमुळे संगीतव्यवसायाबाहेरही त्यांची ओळख होती.

चित्रपटव्यवसाय आणि खंडणी

१९९० च्या दशकात मुंबईतील चित्रपटव्यवसायाला बँकांकडून कर्ज मिळत नसे. निर्मितीसाठी लागणारा पैसा खासगी सावकार व वितरकांकडून, बहुधा रोखीने उभारला जाई. अशा व्यवहारांची कागदोपत्री नोंद अपुरी असे. संघटित गुन्हेगारी टोळ्यांना त्यामुळे या व्यवसायात शिरकाव करणे सोपे गेले. चित्रपटांना पैसा पुरवणे, परदेशातील वितरणाचे हक्क मागणे आणि निर्मात्यांकडून खंडणी उकळणे असे या शिरकावाचे प्रकार होते. मुंबईतील बिल्डर व हॉटेलमालक यांच्याप्रमाणेच चित्रपटनिर्मातेही खंडणीच्या दूरध्वनींचे लक्ष्य बनले. जुलै १९९७ च्या अखेरीस निर्माते-दिग्दर्शक राजीव राय यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यातून ते बचावले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गुलशन कुमार यांची हत्या झाली.

गुलशन कुमार यांनाही अबू सालेमच्या नावाने खंडणीसाठी धमक्या येत होत्या, अशी तपास यंत्रणेची बाजू होती. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी 'लेट मी से इट नाऊ' (२०२०) या आत्मचरित्रात, आपल्याला एप्रिल १९९७ मध्येच एका खबऱ्याकडून या कटाची माहिती मिळाली होती, असे नमूद केले आहे. त्यानुसार ही माहिती गुन्हे शाखेला कळवण्यात आली व संरक्षणही देण्यात आले. परंतु गुलशन कुमार यांना उत्तर प्रदेश पोलिसांचे संरक्षण मिळाल्यानंतर मुंबई पोलिसांनी आपले संरक्षण काढून घेतले होते, असे मारिया यांनी लिहिले आहे.

हत्या

१२ ऑगस्ट १९९७ रोजी, मंगळवारी, गुलशन कुमार नेहमीप्रमाणे अंधेरी (पश्चिम) येथील जीतनगर भागातील जीतेश्वर महादेव मंदिरात गेले होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास ते मंदिरातून बाहेर पडत असताना हल्लेखोरांनी त्यांना गाठून पिस्तुलांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्या शरीरावर १६ गोळ्या लागल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यांच्या मोटारीचा चालकही गोळीबारात जखमी झाला. कूपर रुग्णालयात नेल्यावर गुलशन कुमार यांना मृत घोषित करण्यात आले. त्यांच्यावर दिल्लीत अंत्यसंस्कार करण्यात आले.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाला तीन दिवस उरले असताना, गजबजलेल्या वस्तीत ही घटना घडली. तिचे पडसाद संसद व राज्य विधिमंडळापर्यंत उमटले आणि मुंबईतील कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न देशभर चर्चेत आला.

तपास

तपास मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने केला. पोलिसांच्या मते हत्येमागे खंडणीची टोळी आणि संगीतव्यवसायातील वैमनस्य असे दोन धागे होते. संगीतकार नदीम सैफी यांच्या 'हाय अजनबी' या खासगी गीतसंग्रहाची टी-सीरीजने पुरेशी प्रसिद्धी केली नाही, या रागातून त्यांनी टोळीमार्फत हत्या घडवली, असा आरोप ठेवण्यात आला. प्रतिस्पर्धी टिप्स या संगीत कंपनीचे रमेश तौरानी यांनाही ऑक्टोबर १९९७ मध्ये अटक झाली. दोघांनीही आरोप नाकारले.

तपासातील महत्त्वाचा दुवा एका माफीच्या साक्षीदाराचा होता. गुन्ह्यातील सहभागी व्यक्तीने सर्व सत्य सांगण्याच्या अटीवर तिला माफी देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३०६ मध्ये होती. अशा साक्षीदाराची साक्ष ग्राह्य असली, तरी तिला अन्य स्वतंत्र पुराव्याने पुष्टी मिळावी, अशी न्यायालयांची सर्वसाधारण अपेक्षा असते. या प्रकरणातील साक्षीदाराने आपले निवेदन नंतर मागे घेतले. याचा परिणाम भारतातील खटल्यावर व इंग्लंडमधील प्रत्यर्पणाच्या सुनावणीवरही झाला.

गोळीबार करणाऱ्यांपैकी एक असल्याचा आरोप असलेला अब्दुल रौफ ऊर्फ दाऊद मर्चंट हा हत्येनंतर फरार होता. त्याला २००१ साली अटक करण्यात आली.

नदीम सैफी यांचे प्रत्यर्पण प्रकरण

हत्येच्या वेळी नदीम सैफी इंग्लंडमध्ये होते. भारताच्या विनंतीवरून त्यांना सप्टेंबर १९९७ मध्ये लंडन येथे अटक करण्यात आली. १९९९ साली लंडनमधील दंडाधिकाऱ्यांनी त्यांना प्रत्यर्पणासाठी पात्र ठरवले. या निर्णयाविरुद्ध सैफी यांनी उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका दाखल केली.

न्यायमूर्ती रोझ व न्यायमूर्ती न्यूमन यांच्या खंडपीठाने २१ डिसेंबर २००० रोजी ही याचिका मान्य केली. सैफी यांना मुख्यतः गोवणारा पुरावा माफीच्या साक्षीदाराच्या निवेदनाचा होता आणि तो न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. ब्रिटनच्या १९८९ च्या प्रत्यर्पण अधिनियमानुसार, आरोप प्रामाणिकपणे व न्यायाच्या हितासाठी केलेला नसेल आणि त्यामुळे आरोपीला परत पाठवणे अन्यायकारक ठरणार असेल, तर न्यायालय प्रत्यर्पण रोखू शकत असे. न्यायालयाने याच तरतुदीचा आधार घेतला. निर्णयाविरुद्ध हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दाद मागण्याचा भारताचा प्रयत्न २००१ साली अयशस्वी ठरला. ब्रिटनमधील प्रत्यर्पण कायद्याच्या अभ्यासात हा निकाल 'सैफी खटला' या नावाने उद्धृत केला जातो.

प्रत्यर्पणाची सुनावणी हा गुन्ह्याचा खटला नसतो. आरोपीला खटल्यासाठी परत पाठवावे की नाही, एवढाच प्रश्न तीत तपासला जातो. त्यामुळे इंग्लंडमधील निकालाने सैफी यांच्यावरील आरोपाचा भारतीय कायद्यानुसार निवाडा झाला नाही. ते भारतात परतले नाहीत आणि त्यांच्यावर येथे खटला चालला नाही. त्यांनी हत्येतील सहभागाचा आरोप सातत्याने नाकारला आहे. श्रवण राठोड यांच्यासोबत त्यांनी परदेशातूनच 'धडकन' (२०००) व 'राज' (२००२) या चित्रपटांना संगीत दिले. पुढे ही जोडी विभक्त झाली. श्रवण यांचे एप्रिल २०२१ मध्ये कोविड-१९ च्या संसर्गानंतर निधन झाले.

सत्र न्यायालयातील खटला

मुंबईतील सत्र न्यायालयात १९ आरोपींवर खटला चालला. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी २९ एप्रिल २००२ रोजी निकाल दिला. अब्दुल रौफ मर्चंट याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून), कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न), कलम १२०-ब (गुन्हेगारी कट) तसेच शस्त्र अधिनियमातील तरतुदींखाली दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा देण्यात आली. जबरी चोरीशी संबंधित कलम ३९२ व ३९७ खालीही तो दोषी ठरला.

रमेश तौरानी आणि रौफचा भाऊ अब्दुल रशीद मर्चंट यांच्यासह उर्वरित १८ आरोपींची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. तपास यंत्रणेने उभी केलेली कटाची साखळी, म्हणजे हत्येची सुपारी देणारे, पैसा पोहोचवणारे आणि हल्लेखोर यांच्यातील दुवे, पुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही.

उच्च न्यायालयाचा निकाल

रौफने शिक्षेविरुद्ध, तर राज्य शासनाने निर्दोष मुक्ततेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील केले. न्यायमूर्ती साधना जाधव व न्यायमूर्ती एन. आर. बोरकर यांच्या खंडपीठाने १ जुलै २०२१ रोजी, हत्येनंतर सुमारे २४ वर्षांनी, या अपिलांवर निकाल दिला. त्यातील प्रमुख भाग पुढीलप्रमाणे होते :

• अब्दुल रौफ मर्चंट याची खून, खुनाचा प्रयत्न व कट या गुन्ह्यांसाठीची दोषसिद्धी आणि जन्मठेप कायम राहिली. कलम ३९२ व ३९७ खालील दोषसिद्धी रद्द झाली.
• अब्दुल रशीद मर्चंट याची निर्दोष मुक्तता रद्द करण्यात आली. तोही गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एक असल्याचा निष्कर्ष काढून त्याला जन्मठेप देण्यात आली आणि शरण येण्याचा आदेश झाला.
• रमेश तौरानी यांची निर्दोष मुक्तता कायम राहिली. त्यांच्याविरुद्धचे शासनाचे अपील फेटाळण्यात आले.

रौफ हा शिक्षेत सूट मिळण्यास पात्र नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. यामागे त्याच्या पलायनाची पार्श्वभूमी होती. २००९ साली तो औरंगाबाद येथील कारागृहातून संचित रजेवर (फर्लो) बाहेर पडला आणि मुदतीनंतर परतलाच नाही. त्याच वर्षी त्याला बांगलादेशात अटक झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आले. संचित रजा ही कारागृहातील वर्तणुकीच्या आधारे ठरावीक काळाने मिळणारी रजा असून, आजारपण वा कौटुंबिक अडचण अशा तातडीच्या कारणासाठी दिली जाणारी अभिवचन रजा (पॅरोल) तिच्याहून वेगळी असते.

परिणाम

टी-सीरीज

गुलशन कुमार यांच्या पश्चात त्यांचे पुत्र भूषण कुमार व बंधू कृष्ण कुमार यांनी कंपनीची धुरा सांभाळली. त्या वेळी भूषण कुमार १९ वर्षांचे होते. कॅसेटचा काळ मागे पडल्यानंतर कंपनीने चित्रपटनिर्मिती व आंतरजालावरील प्रसारणाकडे लक्ष वळवले. २०१९ साली टी-सीरीजची यूट्यूब वाहिनी जगात सर्वाधिक वर्गणीदार असलेली वाहिनी ठरली. २०२४ साली हे स्थान 'मिस्टर बीस्ट' या अमेरिकन वाहिनीकडे गेले.

चित्रपटव्यवसाय व कायदा

चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा द्यावा, ही व्यवसायाची जुनी मागणी होती. मे १९९८ मध्ये केंद्र सरकारने तो दर्जा देण्याची घोषणा केली. त्यानंतर बँका व वित्तसंस्थांकडून अधिकृत कर्ज मिळण्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. तथापि, धाकदपटशा लगेच थांबला नाही. जानेवारी २००० मध्ये दिग्दर्शक राकेश रोशन यांच्यावर मुंबईत गोळीबार झाला. त्यातून ते बचावले.

१९९९ साली महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (मकोका) लागू झाला. 'चोरी चोरी चुपके चुपके' (२००१) या चित्रपटाशी संबंधित प्रकरणात वित्तपुरवठादार भरत शाह यांना याच कायद्याखाली जानेवारी २००१ मध्ये अटक झाली. २००३ साली ते मकोकाखालील आरोपांतून मुक्त झाले. माहिती दडवल्याच्या गुन्ह्यात मात्र त्यांना दोषी ठरवण्यात आले.

पुराव्याच्या दृष्टीने या कायद्याने एक मूलभूत फरक केला. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नसे. मकोकाच्या कलम १८ मध्ये पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. गुलशन कुमार यांची हत्या हा कायदा येण्यापूर्वीची असल्याने खटला सर्वसाधारण कायद्यांनुसार चालला आणि त्याची भिस्त मुख्यतः साक्षीदारांवर राहिली.

चित्रपट व दूरचित्रवाणी

दिग्दर्शक राम गोपाल वर्मा यांनी, गुलशन कुमार यांच्या हत्येची बातमी ऐकल्यावर सुचलेल्या विचारांतून 'सत्या' या चित्रपटाच्या कल्पनेला चालना मिळाल्याचे सांगितले आहे. जुलै १९९८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात मुंबईतील टोळ्या, खंडणी आणि चित्रपटव्यवसायाशी त्यांचे लागेबांधे यांचे चित्रण आहे. मुंबईच्या गुन्हेगारी विश्वावर लिहिणारे पत्रकार एस. हुसेन झैदी यांनी 'माय नेम इज अबू सालेम' या पुस्तकात या हत्येचा वृत्तान्त दिला आहे. गुलशन कुमार यांच्या जीवनावरील 'मोगल' या चित्रपटाची घोषणा २०१७ साली करण्यात आली होती.

याच काळात दूरचित्रवाणीवर गुन्हेशोधाच्या मालिकांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. हत्येनंतर सुमारे पाच महिन्यांनी, २१ जानेवारी १९९८ रोजी, सोनी वाहिनीवर बी. पी. सिंह यांची 'सी.आय.डी.' ही मालिका सुरू झाली आणि २०१८ पर्यंत अखंड चालली. तिच्यातील एसीपी प्रद्युम्न ही भूमिका साकारणारे मराठी अभिनेते शिवाजी साटम यांनी त्यापूर्वी सिंह यांच्याच 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली होती. अशा मालिकांत बहुधा गुन्हेगाराच्या कबुलीजवळ कथा संपते. प्रत्यक्षातील खटल्यात पोलिसांपुढील कबुलीला कलम २५ मुळे पुराव्याचे मूल्य नव्हते आणि माफीच्या साक्षीदाराचे निवेदन मागे घेतले जाताच तपासाची मांडणी कमकुवत झाली. त्यामुळे विधी व पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी हे प्रकरण संशय, आरोप आणि सिद्ध झालेली वस्तुस्थिती यांतील फरक दाखवणारे उदाहरण ठरते.